धुपीच्या सावलीचे मोल : कोलकात्याचे पर्यटक, दार्जिलिंगची वने आणि सार्वजनिक वस्तूंचे अर्थशास्त्र

(व्याख्यानाचा संपादित पाठ)



भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या अहवालात देशातील सात महानगरांच्या वनाच्छादनाचा प्रथमच स्वतंत्र आढावा घेण्यात आला. त्यात कोलकात्याचे वनाच्छादन केवळ १.७७ चौरस किलोमीटर असल्याचे आढळले. २०११ मध्ये ते २.५२ चौरस किलोमीटर होते. याचा अर्थ दहा वर्षांत सुमारे ३० टक्के घट झाली. याच अहवालानुसार मुंबईचे वनाच्छादन ११०.७७ चौरस किलोमीटर होते. मुंबईत हे शक्य झाले, कारण शहराच्या हद्दीत आणि तिला लागून सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. बोरिवलीच्या रहिवाशाला सकाळी फिरावयास वन उपलब्ध आहे. कोलकात्याच्या रहिवाशाला मात्र मैदान, रवींद्र सरोवर किंवा हुगळीपलीकडील शिबपूरचे वनस्पती उद्यान यांवर समाधान मानावे लागते. खऱ्या वनात पायी हिंडण्याची इच्छा असेल, तर तो सियालदहहून रात्रीची गाडी पकडतो आणि सुमारे ६०० किलोमीटर उत्तरेस दार्जिलिंगच्या डोंगरांत जातो. तेथे त्याचे स्वागत करतात ती उंच, सरळ, गर्द हिरव्या धुपी वृक्षांची शासकीय वने.

या वनातील पायवाटेवर चालणाऱ्या पर्यटकाच्या आनंदाची किंमत किती, ती कोण देतो आणि कोणाला मिळते, हे तीन प्रश्न आजच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत. वरवर साधे वाटणारे हे प्रश्न सार्वजनिक अर्थशास्त्र, वनधोरण आणि सामाजिक न्याय या तिन्हींना स्पर्श करतात.

वनांची मुळे कोलकात्यात

दार्जिलिंगच्या वनांचा इतिहास कोलकात्यातील एका संस्थेशी जोडलेला आहे. १७८७ मध्ये कर्नल रॉबर्ट किड यांच्या पुढाकाराने ईस्ट इंडिया कंपनीने शिबपूर येथे वनस्पती उद्यान स्थापन केले. जहाजबांधणीसाठी साग, तसेच मसाल्याची व इतर व्यापारी उपयोगाची झाडे येथील हवामानात वाढतात का, हे तपासणे हा त्यामागील उद्देश होता. म्हणजेच आज लोक जेथे विसाव्यासाठी जातात, ते उद्यान मुळात व्यापारी प्रयोगशाळा होते. १९६३ मध्ये ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेकडे आले आणि २००९ मध्ये त्यास आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले.

१८६० च्या दशकात या उद्यानाचे अधीक्षक असलेले थॉमस अँडरसन यांनी दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोना लागवडीचा पाया घातला. हिवतापावरील क्विनाइन याच झाडाच्या सालीपासून मिळत असे. १८६४ मध्ये बंगालमध्ये वनप्रशासन सुरू झाले, तेव्हा त्याची प्रारंभिक घडी बसवण्याची जबाबदारीही अँडरसन यांच्याकडेच होती. पुढे १८७८ मध्ये दार्जिलिंग शहरात लॉइड वनस्पती उद्यान उभे राहिले, तेही कोलकात्याच्या उद्यानाची शाखा म्हणूनच. डोंगरात कोणते झाड वाढावे, हे नदीकाठच्या सपाट प्रदेशातील कार्यालयात ठरत होते.

धुपी हे मूळचे भारतीय झाड नव्हे. त्याचे शास्त्रीय नाव क्रिप्टोमेरिया जपोनिका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते दार्जिलिंगमध्ये आले. जपानमध्ये त्यास 'सुगी' म्हणतात. मराठी कानाला या शब्दात पिकाच्या हंगामाची चाहूल लागते आणि योगायोगाने वनखात्याच्या दृष्टीने हे झाड खरोखरच एक पीक होते. ते लवकर वाढते, सरळ वाढते, त्याचे लाकूड हलके असते आणि फळ्यांसाठी व खोक्यांसाठी उपयोगी पडते. कटूस, चांप, मेपल अशा स्थानिक रुंदपर्णी वृक्षांचे मिश्र वन तोडून त्याजागी एकाच जातीची लागवड करणे हिशेबाला सोयीचे होते. आजचा पर्यटक ज्या दृश्याला 'निसर्ग' समजतो, त्याचा मोठा भाग हा प्रत्यक्षात शासकीय लागवडीचा परिणाम आहे.

ज्यांनी झाडे लावली

ही लागवड 'टाँग्या' पद्धतीने झाली. हा शब्द ब्रह्मी भाषेतील असून त्याचा अर्थ डोंगरावरील शेत असा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रह्मदेशात डिट्रिख ब्रँडिस यांच्या काळात ही पद्धत वनप्रशासनाने स्वीकारली आणि पुढे ती उत्तर बंगालमध्ये आली. तिची रचना अशी : जुने वन तोडलेल्या जमिनीवर मजूर कुटुंबांना वसवावयाचे, त्यांना झाडांच्या ओळींमध्ये काही वर्षे मका, कोदो यांसारखी पिके घेऊ द्यावयाची आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून रोपांची लागवड व निगा करून घ्यावयाची. झाडे मोठी झाली की शेती बंद आणि कुटुंब पुढच्या तुकड्यावर. अशा वसाहतींना 'वनग्राम' म्हटले जाई. वनग्रामवासीयांना वर्षातील ठरावीक दिवस वनखात्यासाठी विनावेतन श्रम करावे लागत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर बंगालमध्ये झालेल्या आंदोलनांनंतर ही वेठ संपुष्टात आली.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर वनाची भांडवली गुंतवणूक बऱ्याच अंशी श्रमाच्या रूपाने झाली होती आणि ती करणाऱ्यांच्या नावे त्या भांडवलातील कोणताही वाटा नोंदवला गेला नव्हता. राहत्या घराखालच्या जमिनीचा कागदही त्यांच्याजवळ नसे. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ च्या कलम ३(१)(ज) मध्ये वनग्रामांचे महसुली गावांत रूपांतर करण्याचा हक्क स्पष्टपणे नमूद आहे, तो या पार्श्वभूमीवर. प्रत्यक्ष अंमलबजावणीचा वेग मात्र राज्याराज्यांत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत भिन्न राहिला आहे.

वनभ्रमंती ही कोणत्या प्रकारची वस्तू?

पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ मध्ये सार्वजनिक वस्तूंचा सिद्धांत मांडला. एकाच्या उपभोगामुळे दुसऱ्याचा उपभोग कमी होत नाही, अशी वस्तू ती सार्वजनिक वस्तू. तिच्या उपभोगापासून कोणास वगळणेही सहसा शक्य नसते. धुपीच्या वनाने शोषलेला कार्बन, उतारावर धरून ठेवलेली माती या अशा वस्तू होत. सेंचल अभयारण्याचे उदाहरण येथे बोलके आहे. १९१५ मध्ये संरक्षण लाभलेल्या या वनातील तलावांतून दार्जिलिंग शहराला पाणी मिळते. मुंबईतही विहार व तुळशी हे तलाव राष्ट्रीय उद्यानाच्याच परिसरात आहेत. वन कधी न पाहिलेल्या नागरिकाच्या घरातील नळालाही वनाचा लाभ पोहोचतो.

मात्र वनातील पायवाट ही शुद्ध सार्वजनिक वस्तू नाही. तेथे फाटक बसवता येते, म्हणजे वगळणे शक्य असते. शिवाय माणसे थोडी असतील तोवर कोणाचे काही बिघडत नाही, पण गर्दी वाढली की शांतता जाते, वाट खचते, कचरा साचतो. जेम्स बुकॅनन यांनी १९६५ मध्ये अशा वस्तूंना 'क्लब वस्तू' म्हटले. टायगर हिलवर सूर्योदयाच्या वेळी होणारी मोटारींची रांग पाहिली की हा सिद्धांत वेगळा समजावून द्यावा लागत नाही. त्यामुळे येथील धोरणात्मक प्रश्न दोन आहेत : गर्दीचे नियमन कसे करावे आणि संवर्धनाचा खर्च कोणी उचलावा?

आनंदाचे मोजमाप

फाटकावर पाच-पन्नास रुपये घेतले जात असतील किंवा काहीच घेतले जात नसेल, तर त्या वनभेटीचे मूल्यही तेवढेच किंवा शून्य असते काय? १९४७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला लिहिलेल्या पत्रात यावर मार्ग सुचवला. उद्यानाभोवती अंतरानुसार वर्तुळाकार विभाग कल्पावेत. प्रत्येक विभागातून किती लोक येतात आणि त्यांना येण्यासाठी किती खर्च पडतो, हे पाहावे. प्रवासखर्च हीच त्या भेटीची प्रकट किंमत. त्यावरून मागणीचा वक्र काढता येतो. यातूनच 'प्रवासखर्च पद्धत' विकसित झाली. दुसरी पद्धत म्हणजे लोकांना थेट विचारणे : हे वन टिकावे यासाठी तुम्ही किती द्याल? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाबाबत या पद्धतीने केलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुंबईतील कुटुंबे दरमहा सरासरी साडेसात रुपये देण्यास तयार असल्याचे दिसले. रक्कम लहान वाटते, परंतु ती महानगरातील सर्व कुटुंबांच्या संख्येने गुणली की वार्षिक आकडा कोट्यवधी रुपयांच्या घरात जातो.

एका काल्पनिक उदाहरणाने मुद्दा स्पष्ट होईल. कोलकात्याचे चौघांचे कुटुंब दार्जिलिंगच्या सहलीवर २०,००० रुपये खर्च करते, असे मानू. वनाच्या फाटकावर माणशी ५० रुपये घेतले, तर एकूण शुल्क २०० रुपये होते. हे सहलीच्या खर्चाच्या एक टक्का झाले. एवढ्या शुल्काने कोणी सहल रद्द करणार नाही. म्हणजेच अशा पर्यटकाची मागणी शुल्काच्या बाबतीत अलवचिक आहे. आता दुसरे चित्र पाहावे. शहरातील उद्यानात रोज सकाळी चालावयास येणाऱ्या निवृत्त कर्मचाऱ्याकडून दरदिवशी २० रुपये घेतले, तर वर्षाच्या ३०० दिवसांचे ६,००० रुपये होतात. घरकाम करणारी स्त्री किंवा रिक्षाचालक यांना तर ते दार बंदच झाले. शुल्क दोन्हीकडे किरकोळच, परंतु एकीकडे ते संवर्धनाचा निधी ठरते आणि दुसरीकडे गरिबाला बाहेर ठेवणारी भिंत. 'शुल्क असावे की नसावे' हा प्रश्नच म्हणूनच अपुरा आहे. कोणत्या जागेसाठी, कोणाकडून आणि कोणाच्या हाती, हे विचारावे लागते.

फाटक उघडे झाल्यावर

जानेवारी २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी वनातील प्रवेशशुल्काबद्दल जाहीर नापसंती व्यक्त केली आणि त्यानंतर असे शुल्क थांबवण्याचा निर्णय राज्यात झाला. वने जनतेची आहेत, मग जनतेने आपल्याच मालमत्तेत जाण्यासाठी पैसे का द्यावेत, हा त्यामागील युक्तिवाद सहज पटण्यासारखा आहे. 'फुकट ते पौष्टिक' ही म्हण व्यवहारात लोकप्रिय आहेच. अर्थशास्त्र मात्र तिच्यापुढे एक प्रश्न ठेवते : पायवाट दुरुस्त करणाऱ्याची मजुरी, वणव्यावर लक्ष ठेवणाऱ्याचा पगार आणि कचरा वाहून नेण्याचा खर्च शुल्क थांबल्याने थांबतो काय? तो थांबत नाही. तो राज्याच्या सर्वसाधारण अर्थसंकल्पावर जातो, म्हणजे वनात कधीही न जाणाऱ्या करदात्यावर. किंवा खर्च होतच नाही आणि त्याची किंमत वन व वनालगतचे गाव मोजते. या दोन्ही शक्यतांमध्ये सहलीस जाऊ शकणाऱ्या मध्यमवर्गाला, न जाऊ शकणाऱ्यांकडून अनुदान मिळते.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. शुल्क गोळा होऊन ते केवळ राज्याच्या तिजोरीत जमा होत असेल, तर वनग्रामवासीयाला त्याचा काय उपयोग? त्याच्या दृष्टीने जुन्या काळी लाकूड बाहेर जाई, आता पैसा बाहेर जातो. शुल्काचे समर्थन तेव्हाच होऊ शकते, जेव्हा त्याचा निश्चित वाटा स्थानिक पातळीवर राहतो आणि त्याचा विनियोग स्थानिक लोक ठरवतात.

बंगालनेच घालून दिलेला धडा

हा विचार नवा नाही. त्याचे पहिले मोठे उदाहरण पश्चिम बंगालमध्येच घडले. तत्कालीन मेदिनीपूर जिल्ह्यातील अराबारी येथे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी यांनी ऱ्हास पावलेल्या सालवनाच्या संरक्षणासाठी आसपासच्या गावांशी करार केला. ११ गावांतील ६१८ कुटुंबांनी १,२७२ हेक्टर वन राखावयाचे आणि त्या बदल्यात रोजगार, गौण वनोपज आणि लाकूडविक्रीच्या उत्पन्नातील २५ टक्के वाटा मिळवावयाचा. पहाऱ्याने जे साधले नव्हते, ते भागीदारीने साधले. वन पुन्हा उभे राहिले. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने महसुलापेक्षा पर्यावरणीय समतोलास प्राधान्य दिले. १९८९ मध्ये पश्चिम बंगालने संयुक्त वन व्यवस्थापनाचा शासकीय ठराव केला आणि १ जून १९९० रोजी केंद्र शासनाने सर्व राज्यांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या.

महाराष्ट्राने याच्याही पुढचे पाऊल टाकले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळाले आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. अराबारीत गाव वनखात्याचा भागीदार होते, मेंढ्यात ते हक्कधारक झाले. विद्यार्थ्यांनी हा फरक नीट ध्यानात ठेवावा. संयुक्त वन व्यवस्थापन शासकीय ठरावावर उभे आहे, तर सामूहिक वनहक्क संसदेच्या कायद्यावर. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते अशा सामाईक साधनसंपत्तीचे लोक स्वतः नियम करून जतन करू शकतात, हे दाखवून दिल्याबद्दल. लाकूड किंवा बांबूला लागू पडणारे हे तत्त्व पायवाटेला का लागू पडू नये?

जपानचा अनुभव आणि कायद्याची चौकट

धुपीच्या मायदेशाकडून घेण्यासारखा एक इशारा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने उजाड डोंगरांवर सुगीची प्रचंड लागवड केली. १९८२ मध्ये तेथील वनसंस्थेने 'वनस्नान' ही कल्पना लोकप्रिय केली. वनात संथपणे चालणे हे आरोग्यदायी मानले जाऊ लागले. त्याच जपानमध्ये सुगीच्या परागकणांची ॲलर्जी कोट्यवधी नागरिकांना जडली. २०२३ मध्ये तेथील शासनाने सुगीच्या कृत्रिम वनांचे क्षेत्र दहा वर्षांत सुमारे २० टक्क्यांनी घटवण्याचा आराखडा जाहीर केला. एकाच जातीवर अवलंबून असलेले वन हे एकाच समभागात गुंतवलेल्या बचतीसारखे असते : लाभाच्या वेळी हिशेब सोपा, तोट्याच्या वेळी आधार नाही.

दार्जिलिंगमध्येही घनदाट धुपीखाली गवत-झुडुपे विरळ असतात. तांबडा पांडा बांबूच्या पानांवर जगतो. त्याचे वसतिस्थान सिंगालीला राष्ट्रीय उद्यानातील मिश्र वनात आहे, एकसुरी लागवडीत नाही. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात वाढवलेले पांडे २००३ मध्ये प्रथम सिंगालीलातच सोडण्यात आले. त्यामुळे पर्यटकाला आवडणारे दृश्य आणि डोंगराला आवश्यक असलेले वन यांत अंतर असू शकते. धुपी एकदम तोडणे उतारासाठी धोक्याचे ठरेल. टप्प्याटप्प्याने स्थानिक वृक्षांचे मिश्रण वाढवणे हाच मार्ग उरतो. त्यासाठी कुशल श्रम लागतील आणि ते वनग्रामांतच उपलब्ध आहेत.

कायद्याची चौकटही बदलत आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वने हा विषय समवर्ती सूचीत आला आणि अनुच्छेद ४८(क) व ५१(क)(छ) यांनी वनरक्षणाची जबाबदारी राज्यसंस्था व नागरिक या दोघांवर टाकली. १९८० च्या वन संवर्धन अधिनियमात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. व्यवस्थापन आराखड्यात समाविष्ट असलेल्या पर्यावरणीय पर्यटनाच्या सुविधांना तिने 'वनेतर उपयोग' या व्याख्येतून वगळले. हा बदल महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे वनातील पर्यटन-बांधकामाची वाट सुलभ होते. अशा वेळी आराखडा कोण तयार करतो आणि त्यात ग्रामसभेचे मत विचारात घेतले जाते का, यावर बरेच काही अवलंबून राहील.

निष्कर्ष

या विवेचनातून तीन सूत्रे निघतात. पहिले, शहरातील दैनंदिन चालण्याच्या जागा सर्वांना मोफत असाव्यात. त्या सार्वजनिक आरोग्याचा भाग होत आणि २०२१ च्या अहवालात १.७७ चौरस किलोमीटर वनाच्छादन आढळलेल्या महानगराला त्या वाढवणे क्रमप्राप्त आहे. दुसरे, दूरच्या वनात सहलीसाठी जाणाऱ्याकडून माफक शुल्क घेणे अन्याय्य नाही. विद्यार्थी व स्थानिक रहिवासी यांना मात्र त्यातून सूट हवी. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, या शुल्काचा ठरावीक वाटा वनग्रामांच्या ग्रामसभांकडे हक्काने जावा आणि त्याआधी त्यांच्या जमिनीचे हक्क कागदावर यावेत. उत्पन्नातील वाटा हा हक्काला पर्याय होऊ शकत नाही.

या श्रोतृवर्गातील काही जण उद्या प्रशासनात असतील. एखाद्या जिल्ह्यातील पर्यटन आराखडा त्यांच्या टेबलावर येईल. त्यात निवासगृहे, वाहनतळ आणि अपेक्षित पर्यटकसंख्या यांचे तपशील नेमकेपणाने दिलेले असतील. त्यावर स्वाक्षरी करण्यापूर्वी आणखी एक रकाना शोधावा : ही झाडे कोणी लावली आणि त्यांची नातवंडे आज कोठे राहतात? तो रकाना कोरा असेल, तर आराखडा अपूर्ण आहे असे समजावे.